पाचर, करवत आणि वीज

पंचतंत्रातली माकडाची आणि पाचरीची गोष्ट शाळेत न ऐकलेला माणूस विरळा. गावाबाहेर देवळाचे बांधकाम चालू होते. दुपारी सुतार जेवायला गेले. जाताना त्यांनी अर्धवट चिरलेल्या ओंडक्याच्या फटीत खैराची पाचर ठोकून ठेवली. मागून माकडांचा कळप आला. त्यांतले एक ओंडक्यावर बसले आणि पाचर हलवून हलवून उपटू लागले. पाचर निघाली, फट मिटली आणि माकड प्राणाला मुकले. नसती उठाठेव करू नये, असे तात्पर्य आपण मुलांना सांगतो. पण हीच गोष्ट एखाद्या सुताराला सांगून पाहा. तो माकडाविषयी फारसे बोलणार नाही. ‘पाचर हवीच, नाहीतर लाकूड करवत धरतं,’ एवढेच म्हणेल.

सुताराचे हे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे. झाड वाढताना आणि ओंडका सुकताना लाकडाच्या अंगात ताण साठलेला असतो. ते उभे चिरू लागले की चिरेचे दोन काठ कधी फाकतात, कधी एकमेकांकडे ओढ घेतात. जवळ आले की करवत मध्ये आवळली जाते. पूर्वी सागाचा मोठा ओंडका खड्ड्यावर नाहीतर उंच घोडीवर चढवीत आणि दोघे जण मोठी करवत ओढीत. एक वर उभा, दुसरा खाली. खालचा बिचारा डोळ्यांत भुसा जाऊ नये म्हणून मान तिरकी करून. हातभर चीर पुढे गेली की मागे पाचर बसायची. करवत आवळली तर फार तर काय व्हायचे? ती अडकायची, वरचा गडी एक शिवी हासडायचा आणि पाचर ठोकायचा. हाताच्या करवतीचा हा मोठा गुण आहे. हात थांबला की तीही थांबते.

मुंबईत लाकूड चिरण्याचा इतिहास गोदीपाशी सुरू होतो. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे शतकाहून अधिक काळ इथे सागवानी जहाजे बांधली. १८१३ साली बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर १८४२ मध्ये इंग्रज आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला. १८१७ चे ‘त्रिंकोमली’ तर आजही इंग्लंडात हार्टलपूल बंदरात पाण्यावर उभे आहे. एवढ्या कामाला किती फळ्या, किती तुळया चिराव्या लागल्या असतील याचा ज्याने त्याने अंदाज करावा. ते सारे दंडाच्या बळावर चाले.

याच घराण्यात आर्देशिर करसेटजी वाडिया झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांनी या माणसाची उपेक्षा केली आहे, असे मला नेहमी वाटते. १८३४ साली त्यांनी माझगावच्या आपल्या घरात आणि बागेत गॅसचे दिवे लावून दाखवले. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १८४९ मध्ये ते अमेरिकेला जाऊन आले. तिथली लाकूड कापण्याची यंत्रे त्यांच्या मनात भरली आणि त्यांतली काही त्यांनी मुंबईसाठी मिळवली. हाताच्या करवतीची जागा यंत्राने घ्यायला आपल्याकडे सुरुवात झाली ती अशी, गोदीच्या दारातून.

गोल करवत मात्र याहून जुनी. इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरने १७७७ साली घेतलेल्या पेटंटात तिचा उल्लेख आहे. अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट नावाच्या बाईने १८१३ च्या सुमारास सूत कातता कातता फिरत्या चाकावरून ती कल्पना काढली, असेही सांगतात. गोष्ट गोड आहे, पुरावा पातळ आहे. शोध कोणाचाही असो. सरळ करवत पुढे-मागे जाते आणि मागे येताना तिची निम्मी मेहनत फुकट जाते. गोल करवत एकाच दिशेला फिरत राहते आणि तिचा प्रत्येक दात कामाला येतो.

नेमका इथेच जुना आणि नवा धोका वेगळा होतो. टेबलाच्या फटीतून अर्धी वर आलेली गोल करवत डोळ्यांसमोर आणा. तिचे आपल्या बाजूचे दात वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. पलीकडच्या बाजूचे दात खालून वर येतात. लाकडाची चीर मागे मिटली, किंवा फळी जराशी तिरकी होऊन त्या मागच्या दातांना टेकली, की दात तिला उचलतात आणि करवतीच्या वेगाने आपल्याच अंगावर फेकतात. फळी छातीत बसते, आणि तिच्यावर ठेवलेला हात पात्याकडे ओढला जातो. हा वेग किती? १० इंची, म्हणजे सुमारे २५० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला २,८५० फेरे घेत असेल, तर त्याच्या दाताचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या वर जातो. माकडाच्या वेळी फट नुसती मिटली होती. इथे मिटणारी फट उलट वार करते.

उपाय जुनाच आहे. करवतीच्या पाठीमागे, तिच्याच रेषेत, एक पोलादी पाते उभे करायचे. चिरलेली फट त्या पात्यावरून सरकत जाते आणि मिटू शकत नाही. कारखान्यात त्याला ‘रायव्हिंग नाइफ’ म्हणतात. आपण पाचरच म्हणू. सुताराने हाताने मारलेली पाचर यंत्रात कायमची बसवली, एवढाच फरक.

ही पाचर आणि अशीच इतर संरक्षणे मालकांनी आपण होऊन बसवली असती तर कायद्याची गरज पडली नसती. मुंबईत १८७५ साली गिरण्यांची स्थिती पाहण्यासाठी चौकशी आयोग बसला आणि १८८१ मध्ये हिंदुस्थानचा पहिला कारखाने कायदा झाला. त्यात धोक्याच्या यंत्रांना कठडा घालण्याचे कलम होते. पण कायदा लागू कोणाला? शंभर किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या कारखान्याला. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून सरकारकडे अर्ज केला. रविवारच्या सुट्टीच्या मागणीसाठी तो प्रसिद्ध आहे. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, आणि तिची आठवण क्वचितच काढली जाते: कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचा अधू झालेल्याच्या पोटाची सोय व्हावी. ती कायद्यात यायला १९२३ उजाडले. त्या भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात पुढे बोटांचे भाव ठरले. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरायचे, तर्जनी गेली तर १४ टक्के. वाचताना अंगावर काटा येतो. पण हिशेब आहे म्हणून निदान भरपाई तरी आहे.

इकडे कारखाने कायद्याचा आकडा खाली उतरत होता. १८९१ मध्ये शंभराचे पन्नास झाले, १९२२ मध्ये वीस, आणि १९४८ च्या कायद्याने यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागेसाठी दहा. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कारखाने नियमांत तर लाकूडकामाच्या यंत्रांचे वेगळे परिशिष्टच होते. त्यात गोल करवतीच्या पाचरीचे माप दिलेले होते: टेबलाच्या पातळीवर पाचर आणि करवतीचे दात यांत १० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि ६० सेंटिमीटरहून लहान करवतीला पाचरीचे टोक करवतीच्या माथ्यापासून २५ मिलिमीटरच्या आत हवे. पंचतंत्रातली पाचर राजपत्रात पोचली म्हणायची! पुढे २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या कामगार संहितेत दहाचा आकडा पुन्हा वीसवर नेला, हेही नोंदवले पाहिजे. मात्र आकडा शंभर असो की दहा, आपल्या घरात एकट्याने फळी चिरणारा माणूस त्यात कधीच मोजला गेला नाही.

आणि हा घरातला माणूस आला कोठून? त्याला आणले विजेने. वाफेच्या काळात एक मोठे इंजिन, त्यावर छताखालून जाणारा लांब दांडा आणि दांड्यावरून प्रत्येक यंत्राला उतरणारा चामडी पट्टा, अशी रचना असे. एवढा पसारा घरात कोण मांडणार? विजेच्या मोटारीने तो पसारा मोडला. प्रत्येक यंत्राला आपली स्वतंत्र मोटार मिळाली. मुंबई शहराला वीज देणारी कंपनी १९०५ ची; तिच्या विजेवरची ट्राम १९०७ मध्ये धावली. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज १९१५ पासून मुंबईत येऊ लागली. उपनगरांत क्रम जरा मजेचा आहे. बोरिवलीपर्यंत विजेची गाडी जानेवारी १९२८ मध्येच पोचली, पण उपनगरांतल्या घरादारांना वीज पुरवण्यासाठी ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ ही कंपनी स्थापन झाली ती ऑक्टोबर १९२९ मध्ये. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर या भागांत तीच कंपनी मालक आणि नावे बदलत आज अदानींच्या नावाने उभी आहे. मुलुंड-भांडुपकडे महावितरणच्या तारा आहेत. १९५० आणि १९५७ मध्ये ही उपनगरे बृहन्मुंबईत आली. कारखाने आले, वसाहती आल्या, आणि जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या बाजूला लाकूडसामानाचा मोठा बाजार उभा राहिला.

पण घराघरांत करवत नेण्याचे श्रेय मी प्लायवुडला देईन. आठ बाय चारचा तक्ता हाताच्या करवतीने सरळ चिरणे म्हणजे दिवस घालवणे. शिवाय मुंबईची रीत अशी की कपाट दुकानातून येण्याऐवजी सुतारच घरी येतो आणि चार-सहा आठवडे दिवाणखान्याचाच कारखाना करतो. तो टेबल-सॉ बरोबर आणीत नाही; तिथेच बनवतो. प्लायवुडच्या तुकड्याला फट पाडायची, खालून लादी कापण्याचा कटर उलटा बसवायचा, त्याला लाकडाचे पाते लावायचे, कटरचे बटण दाबून अडकवून ठेवायचे आणि वायरच्या टोकाला भिंतीवरच्या बटणाने चालू-बंद करायचे. अक्कल वाखाणण्यासारखी आहे! पण हिशेब करू. हा कटर मिनिटाला १२ ते १३ हजार फेरे घेतो. त्यावर ११० मिलिमीटरचे पाते म्हणजे दाताचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या पुढे. वर झाकण नाही, आणि मागे पाचर नाही. माकडाने ती उपटलेली नसते. कोणी बसवलेलीच नसते.

हौस म्हणून किंवा पोटासाठी ज्याला घरी करवतीचे टेबल मांडायचे आहे, त्याने काय करावे, हे आता सांगतो. पहिली गोष्ट, पाचर बसवता येत नाही असे यंत्र घेऊ नये. पाचर करवतीच्या पत्र्यापेक्षा जाड आणि तिने पाडलेल्या फटीपेक्षा बारीक हवी, पत्रा २.२ आणि फट ३.२ मिलिमीटर असेल तर २.५ मिलिमीटरची चालेल. दुसरी गोष्ट, फळी ज्या पट्टीला टेकवून सरकवायची ती पट्टी करवतीला अगदी समांतर हवी. मागच्या बाजूला ती करवतीकडे केसभर जरी झुकली, तरी फळी मागच्या दातांवर दाबली जाते. करवत फळीच्या वर दाताएवढीच ठेवावी. टेबल डुगडुगू नये. करवतीच्या पुढे आणि मागे फळीची लांबी मावेल एवढी मोकळी जागा हवी, आणि आपण करवतीच्या रेषेत उभे न राहता एका बाजूला उभे राहावे. शेवटचा वीतभर भाग हाताने ढकलू नये, त्याला ढकलकाठी घ्यावी. हातमोजे सुरक्षित वाटतात, पण इथे ते वैरी आहेत. एक धागा दातात गेला की मागोमाग हात जातो. लांब बाही, गळ्यातली माळ, उपरणे यांचेही तसेच.

आता वीज. २ अश्वशक्तीची एकफेजी मोटार २३० व्होल्टवर चालताना सुमारे १० अँपिअर घेते. म्हणजे पंख्या-दिव्याच्या ६ अँपिअरच्या खटक्यावर ती लावायची नाही. १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, मीटरजवळच्या पेटीपासून स्वतंत्र तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची तार, अंतर लांब असेल तर ४ ची. हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे. सुरू होताना हीच मोटार क्षणभर पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्यामुळे नेहमीची एम.सी.बी. कधी कधी लगेच पडते आणि मग लोक ती काढून मोठी बसवतात. हे घातक आहे. एम.सी.बी. तारेची राखण करते. तिच्यापेक्षा तार बारीक राहिली तर भिंतीतली तार पेटेल आणि एम.सी.बी. पाहत बसेल. अँपिअर तेच ठेवून मोटारीला योग्य अशी ‘सी’ प्रकारची एम.सी.बी. मिळते, ती मागावी.

बारीक वायरचे लांब एक्स्टेन्शन हा घरोघरचा रोग. १ चौरस मिलिमीटरच्या तारेचे २० मीटर एक्स्टेन्शन घेतले तर सुरू होताना ६० अँपिअरला चाळीसेक व्होल्ट वाटेतच खर्च होतात. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे तो दोनतृतीयांशावर येतो. मोटार कण्हत राहते, तापते, आणि करवत लाकडात अडकते. अडकलेली करवत हाताने सोडवायला जाणे हे अपघाताचे ठरलेले मुहूर्त आहेत. प्लग काढल्यावाचून पात्याला हात लावू नये, बदलताना तर नाहीच.

तीन पिनांपैकी जाड, लांब पिन जमिनीची. यंत्राचे टेबल लोखंडी असते. आत एखादी तार सोलून टेबलाला टेकली आणि ही पिन खोटी असली, तर ओल्या पायाच्या माणसातून वीज जमिनीत उतरते. मुंबईच्या पावसाळ्यात कोरडा पाय कोणाचा असतो? म्हणून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारी आर.सी.सी.बी. बसवावी. एम.सी.बी. तारेसाठी, ही माणसासाठी.

राहिले बटण. आमच्या ग्रामीण बंधूंना विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर ठाऊक आहे. हिरवे बटण आणि लाल बटण. वीज गेली की त्यातले कॉइल सुटते आणि वीज परत आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय पंप चालू होत नाही. रात्री-अपरात्री उठायला नको म्हणून शेतकरी त्याला ‘ऑटो’ जोडतात, आणि पंपाच्या बाबतीत ते समजण्यासारखे आहे. करवतीला मात्र असा स्टार्टर हवाच आणि ऑटो कधीच नको. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि उपनगरे एकदम अंधारात गेली. कित्येक ठिकाणी वीज यायला तास लागले. अशा वेळी भिंतीवरचे साधे बटण चालूच राहून गेले तर? वीज येते तेव्हा सुतार चहाला गेलेला असतो आणि टेबलाजवळ घरातले पोर खेळत असते. लादी-कटरच्या उलट्या टेबलाचा सर्वांत मोठा दोष माझ्या मते हाच आहे, आणि तो थोड्या खर्चात दूर होतो.

शिक्षकांसाठी दोन शब्द. शाळेत लाकूडकाम शिकवावेच. पण १९४८ च्या कायद्याने अल्पवयीन कामगाराला धोक्याच्या यंत्रावर पुरेसे शिक्षण किंवा जाणत्याची देखरेख असल्याशिवाय बसवायला मनाई केली होती. शाळेत त्याहून सैल वागायचे कारण नाही. पोरांच्या हाती आधी हातकरवत, रंधा आणि गुण्या द्यावा. लाकूड करवत कसे धरते ते हाताला कळले की पाचर कशासाठी ते वेगळे सांगावे लागत नाही. आणि भुशाकडे दुर्लक्ष नको. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण होते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच दिला आहे. तोंडाला चांगला मास्क हवा आणि भुसा रोजच्या रोज उचलला पाहिजे. विजेच्या ठिणगीजवळ तो साठू देऊ नये.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या एका संशोधकाने १९९९ मध्ये एक निराळीच युक्ती काढली. पात्यात अगदी क्षीण विद्युत संकेत सोडून ठेवायचा. लाकूड लागले तर तो तसाच राहतो. माणसाचे बोट लागले की बदलतो, कारण आपल्या शरीरातून वीज जाते. संकेत बदलताच अॅल्युमिनियमचा एक ठोकळा दातांत उसळतो आणि पाते ५ मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याच्या कितीतरी आत, जागच्या जागी थांबते. पाते आणि ठोकळा दोन्ही वाया जातात, बोटाला ओरखडा येतो. ज्या विजेने करवत घरात आणली तिलाच पहारेकरी नेमले आहे. यंत्र महाग आहे; आपल्या बहुतेक सुतारांच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण त्याच्याही करवतीच्या मागे एक पोलादी पाचर उभी असते.